सोमवारी सकाळी उपासना कुठे जाते?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या भगिनी चाळिशीतल्या आहेत. नोकरी करतात. घरात नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि गेले चौदा महिने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. दर रविवारी त्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, क्वायरमध्ये गातात. "रविवारी दीड तास मी देवाजवळ असते आणि उरलेला आठवडा त्याला तोंड चुकवत फिरते," असं त्या लिहितात. पहाटे पाचला उठून शास्त्रवाचन आणि प्रार्थना करायचा निश्चय त्यांनी वर्षभरात चार वेळा केला. चारही वेळा तो पंधरा दिवसांच्या आत मोडला, कारण सासूबाईंची कूस बदलायला रात्री दोनदा उठावं लागतं आणि पहाटे बायबल उघडलं की डोळे मिटतात. कौटुंबिक प्रार्थनेला बसायला मुलं कंटाळतात. नवरा म्हणतो, "देव मनात असला की पुरे, सगळं कामच उपासना आहे." गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री चादर बदलताना त्या सासूबाईंवर फार मोठ्याने ओरडल्या. दुसऱ्या दिवशी क्वायरमध्ये स्तुतिगीताचे शब्द घशात अडकले. घरी येऊन त्यांनी देवाची रडून क्षमा मागितली. त्या विचारतात: रोजच्या जगण्यात उपासना आणायची तरी कशी? नवऱ्यामुलांना सक्तीने प्रार्थनेला बसवावं का? आणि अशा कोरड्या मनाने गायला उभं राहणं हे ढोंग नाही का? पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "सासूबाई आता फारसं बोलत नाहीत, पण काम करताना मी एखादं गीत गुणगुणले तर त्यांचे ओठ हलतात."

प्रिय भगिनी,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला एक थकलेली बाई दिसली आणि तिसऱ्यांदा वाचतानाही तीच दिसली, म्हणून आधी थकव्याचं बोलते, उपासनेचं नंतर.

एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. बायबलमधलं 'पहिले राजे' हे पुस्तक, एकोणिसावा अध्याय. देव त्या क्षणी त्याला बोधही करत नाही आणि प्रार्थनेत कमी पडलास असंही म्हणत नाही. त्याला झोपू देतो. दूत येऊन त्याला उठवतो, खाऊ-पिऊ घालतो, आणि तो पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा खाऊन अंगात बळ आल्यावर मग चाळीस दिवसांची वाट, आणि त्यानंतर होरेब डोंगरावरचा तो मंद, शांत स्वर. देवाने क्रम असा लावला: आधी झोप, मग अन्न, मग वचन. रात्री दोनदा उठणाऱ्या बाईने पहाटे पाचचा गजर लावला, तर बायबल उघडताच डोळे मिटणारच. त्यात विश्वास कमी पडत नाही, झोप कमी पडते. तो गजर आजच बंद करा. सासूबाईंची व्यवस्था बदलेल तेव्हा पहाट पुन्हा तुमच्या हाती येईल, पण आत्ता ती तुमची नाही.

यातच आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. पडल्या पडल्याही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, उगाचच रडू येत असेल आणि हे कित्येक आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांकडे जा. प्रार्थना करतच जा, पण जाच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारता, रोजच्या जगण्यात उपासना आणायची कशी? मला त्यातल्या "आणायची" या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. उपासना म्हणजे बाहेरून आणून दिवसाच्या गर्दीत कुठेतरी बसवायची एक वस्तू, आणि तुमच्याकडे तेवढी जागा नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. जागा नाही, म्हणजे उपासना नाही. मग अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की माणूस देवाला तोंड चुकवतो. तुमच्या पत्रातलं हे चक्र मला फार ओळखीचं वाटलं.

आपल्या भाषेतला हा शब्दच किती साधा आहे बघा. उप म्हणजे जवळ, आणि आस् हा धातू बसण्याचा. उपासना म्हणजे जवळ बसणं. त्यात किती वेळ हे नाही, किती सुरेल हेही नाही. जुना करार ज्या इब्री भाषेत लिहिला गेला, तिच्यात तर त्याहून मोठी गंमत आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेची मशागत करायला ठेवतो. तिथे जे क्रियापद आहे, तेच निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात येतं, जिथे देव मोशेला सांगतो की लोकांना मिसर देशातून काढल्यावर तुम्ही या डोंगरावर माझी उपासना कराल. माती उकरणं आणि देवापुढे वाकणं, दोहोंना शब्द एकच. मराठीत "सेवा" हा शब्द तेच काम करतो. मंदिरातली सेवा म्हणतो आपण आणि आजाऱ्याची सेवाही म्हणतो. तुम्ही रोज रात्री जे करता त्याला जग कोणता शब्द लावतं, तो एकदा मोठ्याने उच्चारून पाहा.

पौलाने रोमकरांस लिहिताना बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला देवाला काय अर्पण करायला सांगितलंय? शरीरं. तुमची शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या, हीच तुमची आध्यात्मिक सेवा. दुखणारी कंबर, औषधाचा वास लागलेले हात, जागून लाल झालेले डोळे, हे सगळं त्या शब्दात बसतं. आणि आपला प्रभू? लूक सांगतो की त्याने सेवाकार्य सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीची बहुतेक वर्षं एका लहान गावात, सुताराच्या कामात गेली. त्या काळातल्या एकाही दिवसाचा संदेश आपल्यापाशी नाही, एकही चमत्कार नाही. तरी बाप्तिस्म्याच्या वेळी स्वर्गातून वाणी आली की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. एकही आजारी बरा झालेला नव्हता तेव्हाचे हे शब्द आहेत. बाप ज्यावर संतुष्ट होता, त्यात ती रंध्याची आणि करवतीची वर्षंही होतीच.

"म्हणजे माझे यजमान म्हणतात तेच खरं की!" असं तुमच्या मनात आलं असेल. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यावर मला त्यांच्याशी प्रेमाने भांडावंसं वाटतं. सगळं कामच उपासना आहे असं म्हणणाऱ्या माणसाला मी विचारते, काल दिवसभरात देवाची आठवण किती वेळा झाली? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. काम उपासना होऊ शकतं, पण आपोआप होत नाही. चूल पेटू शकते म्हणून ती पेटलेलीच आहे असं नाही, कोणीतरी काडी ओढावी लागते. ज्याचं अवघं जगणंच बापाला वाहिलेलं होतं, तो प्रभू येशूसुद्धा पहाटे अंधारात उठून एकांतात जाई आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात जाई. त्याला याची गरज वाटली. आपल्याला वाटत नसेल, तर कुठेतरी चुकतंय.

म्हणून माझं सांगणं असं: तासाचा हट्ट सोडा, पण दिवसात दोन-तीन खुंट्या पक्क्या ठोका. बायबलमधला दानीएल घ्या. राज्यात 120 प्रांताधिकारी, त्यांच्यावर तीन अध्यक्ष, आणि हा त्या तिघांतला एक. त्याच्यामागे कामाचा किती रगाडा असेल! तरी तो दिवसातून तीनदा यरुशलेमेकडच्या खिडकीपाशी गुडघे टेकत असे. तो तिथे तासन्‌तास बसे असं शास्त्र म्हणत नाही. ठरलेली वेळ, ठरलेली खिडकी, एवढंच. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेल्या दिदाखे नावाच्या एका शिक्षणपत्रात तर सरळ सांगितलंय की प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. सावकाश म्हटली तरी तिला मिनिटभर लागत नाही.

तुमची खिडकी कोणती? तुमच्या घरातलं मला काय कळणार, म्हणून माझी सांगते. माझ्या आईच्या शेवटच्या दीड वर्षात मला बायबलची दोन वचनं ओळीने वाचता येत नव्हती. डोळे अक्षरांवरून फिरत आणि मन औषधांच्या वेळांवर असे. एक दिवस हात धुताना लक्षात आलं की दिवसातून पंधरा-वीस वेळा मी या बेसिनपाशी येते. आईचं अंग पुसलं की हात धुवायचे, औषध देण्याआधी धुवायचे, चादर भिजवली की पुन्हा धुवायचे. मी एका कागदावर स्तोत्र 51 मधलं एक वचन लिहिलं, "हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर", आणि तो आरशाच्या कडेला चिकटवला. पाण्याने कागदाचा खालचा कोपरा आठवड्यातच फुगला, शाई पसरली. मी तो कधी बदलला नाही. साबण चोळताना ओठांनी ते वचन म्हणायचं आणि टॉवेलला हात पुसताना "आमेन" म्हणायचं. त्या दीड वर्षात माझी बाकी काहीही शांत वेळ झाली नाही. पण आज मागे वळून पाहते तेव्हा माझ्या आयुष्यातली देवाजवळची जागा म्हणून मला ते बेसिनच आठवतं.

असं करणारी मी पहिली नव्हे. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होऊन गेले. आधी सैनिक होते, लढाईत जखमी झालेले. मठात त्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं, आणि ते काम त्यांना मुळीच आवडत नसे. तरी वर्षानुवर्षं ते तिथेच राबले, पुढे मठातल्या बंधूंच्या वहाणा दुरुस्त करत राहिले आणि 1691 साली वारले. भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलत राहण्याची सवय त्यांनी स्वतःला लावली. त्यांची गोष्ट सांगताना लोक एक भाग गाळतात, आणि तोच तुमच्या कामाचा आहे. सुरुवातीची दहा-एक वर्षं त्यांची फार तळमळीत गेली. देवाने आपल्याला टाकलंय असंच त्यांना वाटत राही. मन भरकटलं की ते स्वतःला झोडपत बसत नसत. चुकलो एवढं देवाला सांगायचे आणि पुन्हा हातातल्या भांड्याकडे वळायचे. तुम्ही चार वेळा निश्चय मोडला म्हणता. मला त्यात दिसतं ते हे, की तुम्ही चार वेळा परत आलात.

तेव्हा एक जागा निवडा. बेसिन असेल, ऑफिसला निघताना दार ओढून घेण्याचा क्षण असेल, सासूबाईंच्या पलंगाची कड असेल. तिथे एकच वचन म्हणायचं, महिनाभर तेच. दुसरी खुंटी म्हणजे प्रभूची प्रार्थना, दुपारी, डबा उघडण्याआधी, डोळे उघडे ठेवून. रात्री चौथ्या स्तोत्राचं शेवटचं वचन, स्वस्थपणे पडून झोपी जाण्याचं. ते म्हणता म्हणता झोप लागली तर ते वचन खरंच ठरलं म्हणायचं! लांब शास्त्रभाग वाचण्याची ओढ लागली तर रविवारी दुपारी वाचा. स्तोत्र 117 फक्त दोन वचनांचं आहे, 131 तीन वचनांचं, तेही शास्त्रच आहे.

आणि मन कोरडं असेल तर कोरडेपणानेच बोला. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तर शेवटही अंधारातच होतो, उजेडाची एक ओळसुद्धा येत नाही. तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे, आणि तेही गाण्यासाठी. "प्रभू, आज मला तुझं काहीच जाणवत नाही" हे वाक्य देवाला उद्देशून म्हटलं, तर ती प्रार्थनाच आहे. तुम्ही उपासना आणि उपासनेत भरून येणं या दोन गोष्टी एक धरल्या आहेत. रविवारी क्वायरमध्ये वाद्यं असतात, शंभर आवाज असतात, मन भरून येतं, आणि ते देवाचं दानच आहे. सोमवारी तसं भरून आलं नाही तर तो गैरहजर आहे असं कशावरून धरायचं?

आता जे लिहायला मला जड जातंय ते लिहिते. त्या शनिवारच्या रात्रीबद्दल. तुम्ही लिहिता की घरी येऊन तुम्ही देवाची रडून क्षमा मागितली. सासूबाईंची मागितलीत का, ते पत्रात कुठेच नाही. कदाचित मागितली असेल आणि लिहायचं राहिलं असेल. पण नसेल, तर गाताना शब्द का अडकले याचं उत्तर मला तिथे दिसतं. प्रभूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. आमोस संदेष्टा तर याहून कडक बोलतो. तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे देवाचे शब्द तो ऐकवतो. गीतांवर देवाचा राग नव्हता. गाणाऱ्यांच्या हातून ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्यासाठी तो बोलत होता.

मी तुमची गणना त्या लोकांत करत नाही, भगिनी. चौदा महिने रात्रीचं उठून करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. पण तुमचे शब्द अडकले हे मला ढोंगाचं लक्षण वाटत नाही. ढोंगी माणसाचे शब्द अडकत नाहीत, ते सुरेल येतात. तुमच्या आत आत्म्याने हात धरून थांबवलं आणि पलंगाकडे बोट दाखवलं. सासूबाई बोलत नाहीत म्हणून त्यांना कळत नाही असं धरू नका. जवळ बसा, हात हातात घ्या आणि सरळ म्हणा, "आई, त्या रात्री मी ओरडले. माझं चुकलं. मला माफ करा." त्यांच्याकडून काही उत्तर आलं नाही तरी चालेल. त्यांच्याकडे पाहून ते म्हटलेलं असलं पाहिजे.

क्वायर सोडू नका. स्वतःला शिक्षा म्हणून तर मुळीच सोडू नका. मात्र पाळकांना किंवा क्वायरच्या प्रमुखांना घरची स्थिती सांगा, आणि महिन्यातला एखादा रविवार मंडळीत नुसतं बसून घ्या, म्हणजे इतर गातील आणि तुम्ही ऐकाल. त्यांना आणखी एक सांगा. "आमच्यासाठी प्रार्थना करा" एवढंच म्हणू नका. "शनिवारी दुपारी दोन तास कोणी आईंजवळ बसेल का?" असं नेमकं विचारा. एकमेकांची ओझी वाहा असं पौल गलतीकरांस लिहितो, पण ओझं किती आणि कुठलं हे कळल्याशिवाय कोण उचलणार? जी बहीण येऊन बसेल, तिची ती दोन तासांची उपासना असेल. तुम्ही त्या वेळात झोपलात तरी चालेल.

नवऱ्यामुलांबद्दल मी थोडक्यात सांगते. सक्ती करू नका. सक्तीने जोडलेले हात मी पुष्कळ पाहिलेत, घर सोडताच ते सुटतात. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना वचनं कधी शिकवायची ते सांगितलंय: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यात सतरंजी घालून अर्धा तास ताटकळणं नाही. जेवताना प्रत्येकाने आज कशाबद्दल देवाचे आभार मानायचे ते एका वाक्यात सांगायचं, धाकट्याने सुरुवात करायची, तीन मिनिटांत संपवायचं. मोठ्या मुलाला आजीजवळ पाच मिनिटं बसून एक स्तोत्र वाचायचं काम द्या. वाचताना अडखळला तर दुरुस्त करू नका. आणि यजमानांना त्यांच्याच शब्दांवर धरा, पण वाद घालून नव्हे. कामच उपासना आहे ना, मग आठवड्यातल्या दोन रात्री आईंची कूस बदलायला ते उठोत. त्या त्यांच्याच आई आहेत. ही मागणी करायला तुम्ही संकोचत असाल असं पत्रावरून वाटलं. संकोचू नका. तुम्ही एकटीने सगळं उचललंत, तर त्यांच्या वाट्याची उपासनाही तुम्हीच करत राहाल.

शेवटी तुमचं ते जाता जाता लिहिलेलं वाक्य. तुम्ही गुणगुणता तेव्हा त्यांचे ओठ हलतात. पत्रभर तुम्ही विचारता की घरात उपासना कशी सुरू करू, आणि ती सुरू असल्याचं तुम्हीच मला शेवटच्या ओळीत कळवता. ती गीतं त्यांना कधीपासून पाठ आहेत, कुणाकडून शिकल्या, हे यजमानांना विचारा. कदाचित पाळण्यात असताना यजमानांनीही तीच ऐकली असतील.

स्तोत्र 134 तीनच वचनांचं आहे. रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहून सेवा करणाऱ्यांसाठी ते आहे. आज ते पाठ करा. रात्री कूस बदलायला उठाल तेव्हा दिवा मोठा करू नका, चादर सरळ करा, उशी पाठीला लावा आणि ते स्तोत्र म्हणा, मनात नको, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तुमची,
प्रार्थनेत आठवण ठेवणारी बहीण